खात्यात ४१ युरो
(जर्मनीत शिकणाऱ्या आणि शिकू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न)

गेल्या अंकात मी जर्मन विद्यापीठांतल्या प्रवेशप्रक्रियेबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेली जवळजवळ सगळी पत्रं पैशांबद्दल आहेत. मला त्याचं नवल वाटलं नाही. मी बार्शीची, वडील एसटीत कंडक्टर. २०१२ साली ग्योटिंगेनला एमएस्सी करायला आले आणि आता इथल्याच एका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांची सल्लागार म्हणून काम करते. जर्मनीत परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आज सर्वांत जास्त संख्या भारतीयांची आहे. २०२३-२४ मध्ये आपण ४९ हजारांच्या वर होतो. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत नेपाळ, बांगलादेश, कॅमेरून, घाना इथली मुलं बसतात, तशीच नांदेड-परभणीचीही बसतात. अडचणी सगळ्यांच्या सारख्याच असतात. आपली मुलं मात्र त्या सांगायला फार उशिरा येतात.

*

ताई, मला पर्यावरण अभियांत्रिकीच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. फी नाही म्हणून घरी सगळे खूश होते. पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरायचे आहेत. आमची चार एकर कोरडवाहू शेती. बँक म्हणते, शेतजमीन तारण चालत नाही. एक एजंट म्हणतो, ऐंशी हजार द्या, दोन महिन्यांपुरते पैसे मी ‘दाखवतो’. काय करू?
— एक विद्यार्थिनी, लातूर जिल्हा

आधी एजंटचं. नको. अजिबात नको. ब्लॉक्ड अकाउंट तुझ्या नावावर असतं आणि त्यातून दरमहा ९९२ युरो तुझ्या हातात पडतात. घरभाडं, विमा, जेवण सगळं त्यातूनच भागवायचं असतं. ते पैसे एजंटचे असले तर तू इथे उतरल्यापासून तो त्यांवर हक्क सांगणार, आणि तुझ्याकडे दर महिन्याला शून्य उरणार. अशी तीन मुलं गेल्या वर्षभरात माझ्यासमोर बसून रडली आहेत. शिवाय व्हिसाच्या अर्जात खोटं दाखवलं असं उघड झालं, तर निवासपरवानाच रद्द होऊ शकतो. ऐंशी हजार देऊन हे विकत घेऊ नकोस.

शेतजमिनीबद्दल बँकेचं म्हणणं खरं आहे. कर्ज थकलं तर बँका ज्या सरफेसी कायद्याखाली तारण ताब्यात घेतात, तो शेतजमिनीला लागू होत नाही. म्हणून सात-बारा कितीही स्वच्छ असला तरी मॅनेजर मान हलवतो. गावातलं घर, एनए प्लॉट, मुदतठेव, एलआयसीची पॉलिसी यांतलं काही असेल तर बघ. मामा-काकांचं असलं तरी त्यांच्या संमतीने चालतं. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्र सरकारची हमी योजना आहे, तिथे तारण लागत नाही. ११,९०४ युरो म्हणजे साधारण बारा लाख रुपये धरले, तर उरलेले साडेचार लाख उभे करणं हे बारा लाखांच्या तुलनेत निराळं काम आहे. कर्ज थेट ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरता येईल का, हे शाखेत पहिल्या दिवशीच विचार, आणि उत्तर लेखी घे. राष्ट्रीयीकृत बँकांत हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असतं, हे वडिलांना आजच सांगून ठेव.

कर्ज म्हटलं की आपल्याकडे चेहरे उतरतात. इरावतीबाई कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या त्या काँग्रेसचे नेते जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊनच. कर्जात कमीपणा काही नाही. ते कोणाकडून आणि कोणत्या अटींवर घेतो, एवढंच बघायचं.

आता शिष्यवृत्त्या. तू कोणत्या प्रवर्गातली ते लिहिलेलं नाहीस, म्हणून थोडक्यात सांगते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ७५ जणांना. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’ या राज्य सरकारच्या संस्थेची आहे, तीही ७५ जणांना. तिला महाराजा सयाजीरावांचं नाव दिलंय, ज्यांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना कोलंबियाला जाता यावं म्हणून दरमहा साडेअकरा पौंड दिले होते. इतर मागास, भटके-विमुक्त, आदिवासी यांच्यासाठी त्या त्या विभागाच्या योजना आहेत. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप १२५ जणांना मिळते, आणि तिच्यात अनुसूचित जातींबरोबर भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांनाही जागा आहे. बहुतेक योजनांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. जर्मनीतली कितीतरी उत्तम विद्यापीठं त्या यादीत खाली असतात किंवा नसतातच. म्हणून आधी यादी, मग अर्ज.

आणि यंदा नाहीच जमलं तर? हे तुला आवडणार नाही, तरी लिहिते. डीएएडी, म्हणजे जर्मनीची विद्यार्थी देवाणघेवाण संस्था, ‘एपॉस’ नावाची शिष्यवृत्ती देते. ती विकसनशील देशांतल्या पदवीधरांसाठीच आहे. पाणी, शेती, नगररचना, सार्वजनिक आरोग्य असे विषय तिच्यात येतात. पण किमान दोन वर्षांचा नोकरीचा अनुभव लागतो, आणि शेवटची पदवी सहा वर्षांहून जुनी चालत नाही. दरमहा ९९२ युरो, विमा आणि प्रवासखर्च मिळतो, ब्लॉक्ड अकाउंटची भानगडच राहत नाही. तुझा विषय त्यात अगदी बसतो. जलसंधारणाच्या कामात किंवा एखाद्या नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात दोन वर्षं काढलीस, तर तो अनुभव तुझ्या अर्जातला सगळ्यात भक्कम कागद असेल. जिथे दोन पावसाळे कोरडे गेले की टँकर सुरू होतात तिथून तू येतेस. निवड समितीला ते सांग, त्याची त्यांना किंमत असते.

*

मी माग्देबुर्गला तिसऱ्या सत्रात आहे. वडिलांचं दुकान बसलं, आठ महिने घरून पैसे नाहीत. एका गोदामात आठवड्यातून चार रात्री काम करतो. दोन विषय राहिलेत, त्यातला एक दुसऱ्यांदा. सकाळी लेक्चरला झोप लागते. घरी काही सांगितलेलं नाही. कोणाकडे मागायची सवय नाही, ताई.
— एक विद्यार्थी

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. शेवटचं वाक्य जास्त वेळा.

एप्रिल २०१३. माझं दुसरं सत्र. वडिलांची बायपास झाली आणि माझ्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे सोलापूरच्या दवाखान्यात गेले. खात्यात ४१ युरो होते आणि सत्राची फी भरायची होती. तेव्हा नीडरझाक्सेन राज्यात सत्राला ५०० युरो घेत; ती फी २०१४ मध्ये रद्द झाली. पाच आठवडे मी कोणाला काही बोलले नाही. भात आणि दही, दही संपलं की भात आणि लोणचं. वसतिगृहात माझ्या शेजारी एक इथिओपियन मुलगी राहायची. तिने एका संध्याकाळी माझ्या पातेल्यात डोकावून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी काही न विचारता मला ईएसजीत घेऊन गेली. ईएसजी म्हणजे प्रोटेस्टंट चर्चचं विद्यार्थी केंद्र. जवळजवळ प्रत्येक विद्यापीठाच्या गावात ते असतं. मी दारात थांबले. आईला काय सांगू, हे मला धर्म बदलायला लावतील का, असलं सगळं डोक्यात. आतल्या पाद्रीबाईंनी एक कोरा कागद घेतला आणि विचारलं, भाडं किती? विमा किती? शेवटचं पोटभर कधी जेवलीस? धर्माचा शब्द त्या दिवशी निघाला नाही आणि नंतरही कधी निघाला नाही. तीन महिन्यांचं बँकेचं विवरण, विद्यापीठात नाव असल्याचा दाखला आणि प्राध्यापकांचं पत्र द्यायला सांगितलं. पंधरा दिवसांत पैसे आले. कर्ज नव्हतं, मदत होती.

हा निधी आजही आहे. ‘ब्रोट फ्युर दी वेल्ट’ ही चर्चची मदतसंस्था आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांसाठी तो देते, कोणत्याही धर्माच्या. तुझ्यासारख्यासाठीच तो आहे. माग्देबुर्गच्या ईएसजीला उद्या ईमेल कर. उद्या म्हणजे उद्याच.

दुसरं दार तुझ्याच विद्यापीठात आहे. परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन ‘स्टिबेट’बद्दल विचार. जर्मन परराष्ट्र खात्याचा पैसा डीएएडीमार्फत विद्यापीठांकडे येतो, आणि विद्यापीठं त्यातून अडचणीतल्या किंवा शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यातल्या परदेशी विद्यार्थ्यांना काही महिन्यांची मदत देतात. रक्कम मोठी नसते आणि ती वाटूनही संपते. वर्षाच्या सुरुवातीला येणाऱ्याला मिळते, डिसेंबरात येणाऱ्याला मी स्वतः हात जोडून परत पाठवलंय. तिसरं, श्टुडीरेंडेनवेर्क, जे मेन्सा म्हणजे विद्यार्थ्यांची खानावळ आणि वसतिगृहं चालवतं. त्यांचं सामाजिक सल्ला केंद्र आणि मानसिक समुपदेशन दोन्ही विद्यार्थ्यांना मोफत आहे. काही गावांत ते मेन्साची मोफत कुपनंही देतात. चौथं, विद्यार्थी परिषद. बऱ्याच ठिकाणी ती छोटं बिनव्याजी कर्ज देते. या चारही ठिकाणी तेच ते कागद लागतात, म्हणून एक फाईल करून ठेव.

ही मदत घेतली तर व्हिसावर डाग पडेल, असं मुलांना वाटतं. ईएसजीची मदत किंवा विद्यापीठाची शिष्यवृत्ती म्हणजे सरकारी बेकारभत्ता नव्हे. त्याने निवासपरवान्याला धक्का लागत नाही.

आता गोदामाबद्दल, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. मार्च २०२४ पासून आपल्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. आठ तासांची रात्र म्हणजे पूर्ण दिवस. आठवड्याला चार रात्री धरल्या तर ३५ आठवड्यांत, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीलाच तुझे १४० दिवस संपतात. त्यानंतरची प्रत्येक रात्र नियमाबाहेरची. वर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या पुढे गेलं की विमा कंपनी तुला विद्यार्थी मानायचं की कामगार, असा प्रश्न काढू शकते. आणि सायकलवरून जेवण पोचवण्याचं काम कोणी ‘स्वतंत्र व्यावसायिक’ म्हणून देत असेल तर सही करू नकोस; त्याला परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते.

यावर उपाय आहे, आणि तो मला त्या पाद्रीबाईंनीच सांगितला. विद्यापीठातच ‘हीवी’ म्हणून काम कर. प्राध्यापकांच्या हाताखाली प्रयोगशाळा, ग्रंथालय, पहिल्या वर्षाच्या मुलांच्या शिकवण्या. असं विद्यापीठातलं काम १४० दिवसांत मोजत नाहीत. आठवड्याला दहा तास, किमान वेतन २०२५ मध्ये ताशी १२.८२ युरो होतं, म्हणजे महिन्याला साडेपाचशेच्या आसपास, तेही दिवसाउजेडी. मी मातीच्या प्रयोगशाळेत नमुने चाळायचे. रात्री झोपायचे. त्या सत्रात मी सगळे विषय सोडवले. जागांच्या जाहिराती फलकावर लागतात, पण निम्म्या जागा जाहिरातीआधीच भरतात. ज्या विषयात तुला बरे गुण आहेत, त्या प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जा आणि काम आहे का, असं सरळ विचार. जर्मन माणूस सरळ प्रश्नाचा राग मानत नाही.

त्या दुसऱ्यांदा राहिलेल्या विषयाचं गांभीर्य तुला माहीत असेलच, तरी लिहिते. बहुतेक ठिकाणी तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही सहसा घेता येत नाही. झोप नसताना तिसरी परीक्षा देऊ नकोस. परीक्षा विभागात जाऊन ती पुढच्या सत्रात कशी ढकलता येईल ते विचार. हे काम पैशांच्या आधीचं आहे.

*

बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये फी आहे म्हणतात. गरीब देशांतल्या विद्यार्थ्यांना माफ असते ना? मग आपल्याला?
— एक वाचक, कोल्हापूर

२०१७ पासून जर्मनीतल्या त्या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो आहेत. तिथली विद्यापीठं काही विद्यार्थ्यांना फी माफ करू शकतात, पण गरिबीच्या आधारावरची ती सूट प्रामुख्याने संयुक्त राष्ट्रांच्या अत्यल्पविकसित देशांच्या यादीतल्या आणि आफ्रिका-कॅरिबियन-पॅसिफिक गटातल्या मुलांसाठी आहे. नेपाळ आणि बांगलादेश त्या यादीत आहेत, भारत नाही. घराची परिस्थिती तिथे कोणी विचारत नाही, पासपोर्ट बघतात. मला हे मनापासून पटत नाही. मराठवाड्यातल्या शेतमजुराची मुलगी आणि नेपाळच्या तराईतली मुलगी यांच्यात काय फरक आहे? पण नियम असा आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ पासून फी लावली आहे, मास्टर्सला सत्राला ४,००० ते ६,००० युरो. पैशांची ओढाताण असेल तर दुसऱ्या राज्यांत अर्ज करा. आणि जिथे जाल तिथे ‘डॉइचलांडश्टिपेंडियम’ या शिष्यवृत्तीला अर्ज टाका. महिन्याला ३०० युरो, निम्मे सरकारचे, निम्मे देणगीदारांचे. त्यात ना देश बघतात ना उत्पन्न, आणि तरीही आपली मुलं अर्ज करत नाहीत.

*

मेकॅनिकलचं मास्टर्स संपत आलं. नव्वद अर्ज केले, एकही मुलाखत नाही. शिक्षणकर्ज २२ लाख. परत यावं का?
— एक विद्यार्थी, केम्निट्झ

अजून नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो आणि त्या काळात कोणतंही काम पूर्णवेळ करता येतं. विद्यार्थी परवाना संपण्याआधी अर्ज कर आणि त्या काळात पोट कसं भरणार याचा पुरावा तयार ठेव.

तू बायोडेटा जोडलास ते बरं झालं. शेवटी ‘वरील सर्व माहिती सत्य आहे’ अशी प्रतिज्ञा आणि खाली सही, वर वडिलांचं नाव, अभियांत्रिकीच्या सगळ्या विषयांची यादी. पुण्यात हे चालतं, इथे वाचणारा गोंधळतो. २०२१ ते २२ मध्ये दहा महिने रिकामे आहेत, त्याबद्दल एक शब्द नाही. इथे रिकामी जागा पहिल्यांदा दिसते. आजीच्या आजारपणात घरी होतास तर तसं लिही. विद्यापीठाच्या करिअर सर्व्हिसमध्ये हे तासभर बसून दुरुस्त करून देतात, फुकट. मुलाखतीची रंगीत तालीमही घेतात. तुझ्या पत्रात त्या कार्यालयाचा उल्लेखच नाही, म्हणजे तू गेलेला नाहीस.

भाषा. जर्मनच्या ए-२ या प्राथमिक पातळीवर थांबलास आणि अर्ज इंग्रजीत केलेस. नोकऱ्या मोठ्या नावांच्या कंपन्यांपेक्षा लहान गावांतल्या दोनशे-तीनशे माणसांच्या कारखान्यांत जास्त सापडतात, आणि तिथला फोरमन जर्मनच बोलतो. पुढचे सहा महिने बी-२ साठी, म्हणजे सफाईने बोलण्याच्या पातळीसाठी दे. विद्यापीठाचे भाषावर्ग तुझं नाव पटावर आहे तोवरच स्वस्तात मिळतात. प्रबंध अजून सुरू केला नसशील तर तो एखाद्या कंपनीत कर. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी ज्यांना लवकर नोकरी लागली, ते बहुतेक जण याच वाटेने आत शिरले.

आणखी एक कागद आपल्याला ठाऊक नसतो. ‘आर्बाइट्सत्सोयग्निस’, म्हणजे केलेल्या कामाचं लेखी प्रशस्तिपत्र. तो इथे कर्मचाऱ्याचा कायदेशीर हक्क आहे. तू दोन सत्रं हीवी होतास. प्राध्यापकांकडून ते मागून घे.

ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या खास निवासपरवान्यासाठी, नवपदवीधराला २०२५ मध्ये वर्षाला ४३,७५९.८० युरो पगार लागत होता. तेवढा मिळाला नाही तरी पदवीला साजेशा नोकरीवर साधा परवाना मिळतो. जर्मन पदवी असेल तर अशा नोकरीत दोन वर्षं झाल्यावर कायम निवासासाठी अर्ज करता येतो. २२ लाख त्या पगारातून फिटतात, मी फिटताना पाहिलेत.

*

माझी मुलगी गेल्या ऑक्टोबरपासून तिकडे आहे. फोनवर म्हणते, सगळं छान आहे. खरं कसं ओळखायचं?
— एक वडील, संगमनेर

काका, मीही माझ्या वडिलांना त्या पाच आठवड्यांत दर रविवारी हेच सांगत होते. त्यांना नुकतंच घरी सोडलं होतं, मी तरी दुसरं काय सांगणार?

तिला ‘सगळं ठीक ना’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘हो’ असंच येतं. या महिन्याचं भाडं गेलं का, विम्याचे सव्वाशे-दीडशे युरो भरले का, खात्यात किती उरले, असा आकडा विचारा. काल रात्री काय जेवलीस ते विचारा आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. तुमच्याकडची खरी परिस्थितीही सांगा, कांद्याचे पैसे आले की अडकले ते. घरचं कळलं म्हणजे ती वेळेवर हालचाल करेल. नाही कळलं तर ती तुमच्या पैशांची वाट बघत बसेल. आणि ही पानं तिला पाठवा. माग्देबुर्गच्या मुलाला दिलेलं उत्तर तिच्या गावातही तसंच लागू आहे.